पहिली गाडी पास झाली

१४ मार्च

चि. धाकट्या,

तुला आणि घरच्या सगळ्यांना ताईचे आशीर्वाद. इकडे आम्ही बरे आहोत. माझा गुडघा कुरकुरतो, पण त्यात नवीन काही नाही. दोन वर्षांनी माझं अक्षर बघून दचकला असशील. फोनवर हे जमलं नसतं. तू मधेच "जाऊ दे गं" म्हणाला असतास आणि मीही जाऊ दिलं असतं.

बातमी अशी, की परवा आपली खरबुजं पुन्हा सीमेपलीकडे गेली. एकच गाडी, सहाशे क्रेट. त्याआधी नाक्यावर नमुने घेतले, अडीच दिवस गाडी उभी ठेवली. इकडे आम्ही अठ्ठावीस बायका कामं टाकून फोनकडे डोळे लावून बसलेल्या. "पास!" असा निरोप आला आणि चार वर्षांत जिचा आवाज कुणी ऐकला नव्हता त्या आमच्या मुकीनं चक्क शिट्टी मारली!

हा दिवस बघायला मिळेल असं वाटलं नव्हतं रे. तुझ्याकडची ती नऊ माणसं खरबूज खाऊन आजारी पडली, आणि तू आमची पुढची गाडी तुझ्या पेढीवर उतरवून न घेता नमुने स्वतःहून लॅबला दिलेस. मग बंदी आली, ती फळं धुऊन भरणाऱ्या आपल्या पॅकहाउसपुरती थोडीच राहिली! ज्यांनी सगळं नीट केलं होतं त्यांचाही माल कुणी घेईना. ढोबळी मिरचीचा काय संबंध, तीसुद्धा नाक्यावरून परत यायला लागली. खरबुजं गुरांना घातली, शेवटी गुरांनीही तोंड फिरवलं. पेट्यावाल्यानं कारखान्याला कुलूप लावलं. मी दोन हंगाम शिवणकाम केलं. माझे टाके तुला माहीत आहेत, गिऱ्हाइकांची कीव यायची.

सगळ्यांनी तुझ्याकडे बोट दाखवलं. सख्ख्या बहिणीचा माल पकडून देतो म्हणजे काय! तुझ्या पेढीला कुणी माल द्यायचा नाही, असं गावच्या बैठकीत ठरलं. हे तुला कळलं असेलच. पहिला हात माझा वर गेला, हे कदाचित कळलं नसेल.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. त्या आठवड्यात पंप बिघडला होता. फळं धुवायच्या टाकीतलं पाणी चहासारखं झालेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. बाहेर ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मी बायकांना म्हटलं, "आजचा दिवस चालवून घ्या." असं सलग पाच दिवस म्हटलं. हे मी कुणाला सांगितलं नाही. तुझ्यावर चिडणं सोपं होतं, तू लांब होतास.

पॅकहाउस पुन्हा सुरू करायचं ठरलं तेव्हा मालकांना सगळं सांगून टाकलं आणि अट घातली, की टाकीचा कारभार माझ्याकडे. दर तासाला पाणी बदलायचं, क्लोरीनची पट्टी बुडवायची, रंग जुळला नाही तर काम बंद. मालक म्हणाले, "बाई, गाडी खोळंबली तर?"

"खोळंबू दे."

एकदा खोळंबवलीसुद्धा, चार तास. ड्रायव्हरनं मला काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही.

मग पलीकडची तपासनीस बाई आली. टाकीच्या कडा तिनं बोटानं चाचपल्या, वास घेतला, दिवसभराच्या पट्ट्या बघितल्या. म्हणाली, "इतकं कडक राहायला कुणी शिकवलं तुम्हाला?" मालक होते, बायका होत्या, पेट्यावाला होता. मी म्हटलं, "माझ्या भावानं. आमची गाडी अडवली होती ना, तो माझा भाऊ."

तुझा विषय निघाला की थुंकणारा तो पेट्यावाला खाली बघत म्हणाला, "अडवली ते बरंच केलं."

तुझं प्रगतिपुस्तक घेऊन आई गल्लीभर फिरायची तेव्हा मला लाज वाटायची. त्या संध्याकाळी मी तशीच घरी आले, दिसेल त्याला सांगत.

गेल्या महिन्यात तुझ्या बायकोशी बोलले. त्या नऊ जणांत तुझी लेक, आपली छकुलीही होती, अकरा दिवस दवाखान्यात होती, हे तिच्याकडून कळलं. आमच्याच फळानं. आणि तू मला एका शब्दानं बोलला नाहीस. मी हात वर केला तेव्हाही नाही. फोन ठेवून मी पायरीवर बसून राहिले. रडले ते आधी शरमेनं. मग माझा भाऊ कसा माणूस निघाला, या अभिमानानं.

छकुलीला काही सांगू नकोस. पाण्याचं मीच सांगणार आहे तिला, समोर बसून. गुरुवारच्या गाडीत ड्रायव्हरशेजारची जागा मी धरली आहे.

तुझ्या पेढीच्या दारात उभी राहून, बाजाराला ऐकू जाईल असं तुला हाक मारायला येणारी,

तुझी ताई