हजाराव्या दिवसाची व्लाय

सिटार्ड, रविवार

प्रिय रेन्स,

तुझं आमंत्रण शुक्रवारी आलं. जाडजूड कागद आणि त्यावर सोनेरी अक्षरांत 'हजार'. येत्या गुरुवारी कारखान्यात अपघाताविना हजारावा दिवस, बेकरीत ताटाएवढ्या चाळीस गोड व्लाय सांगितल्यात, आणि पहिली कापायचा मान 'आपल्या सुरक्षेची आजी' फीन व्रूमन हिला. आजी म्हणे! माझ्या सख्ख्या नातवाने असे दिवे लावले असते तर मी त्याचा कान पिरगाळला असता. तुझा कान आता डायरेक्टरच्या खोलीत, दोन सेक्रेटरींच्या पलीकडे असतो, म्हणून पत्र लिहिते आहे. तळपायाची आग मस्तकात गेली आहे, अक्षर वेडंवाकडं आलं तर चालवून घे.

काल फेम्के घरी आली होती. तुझ्याकडे सहा महिन्यांपूर्वी लागलेली, चोवीस वर्षांची. मंगळवारी मी ज्या नव्या इंजिनियरांना शिकवायला येते त्यांतली सगळ्यात कमी बोलणारी मुलगी. स्वयंपाकघरात बसली, कॉफी पुढे ठेवली तर नुसती ढवळत राहिली. मग म्हणाली, "फीन, मला नीट दिसतं ना हो? का मी उगाच घाबरट आहे?" सहा महिन्यांत तू एका हुशार मुलीचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडवलास. शाबास. मला चाळीस वर्षांत हे जमलं नाही.

तिने काय पाहिलं ते तुला ठाऊक आहे, तरी लिहिते. नऊ नंबरच्या टाकीवर एक स्विच आहे. टाकी भरत आली की त्याने भोंगा वाजवायचा आणि आत येणारी झडप बंद करायची, एवढंच त्याचं काम. दमट हवेत तो उगीचच कोकलायचा, लोक वैतागले, म्हणून दोन दिवसांपुरता तारेचा तुकडा लावून त्याला मुका केला. त्या दोन दिवसांचे आता सात आठवडे झाले. दहा दिवसांपूर्वी, नऊशे शहाऐंशीव्या दिवशी, फेम्के पाइपांचा नकाशा हातात घेऊन पाइपाबरोबर चालत होती, तेव्हा टाकीच्या डोक्यावरच्या नळीतून चटकन पेटणारं सॉल्व्हंट ठिबकताना तिला दिसलं. ती धावली आणि हाताने झडप बंद केली. खाली वेल्डिंग चालू होतं. तिने रीतसर रिपोर्ट लिहिला, आणि तू तो तिच्यासमोर खोडून त्यावर 'नेहमीची साफसफाई' असं लिहिलंस. सांडलं असं लिहिलं की फाटकावरच्या पाटीवरचा आकडा शून्यावर जातो ना! निदान तार तरी काढा, असं ती म्हणाली, तर तू तिच्या पाठीवर थाप मारलीस आणि म्हणालास, "गुरुवार होऊ दे गं पोरी, मग काढू."

हे वाक्य तिने सांगितलं आणि माझ्या हातातून किटली निसटली. ते का, ते पुढे सांगते.

पाइपाबरोबर चालायला तिला मी शिकवलं, आणि तिच्याआधी तुला. आठवतं का, तुझा पहिला आठवडा? गारा पडत होत्या आणि तू कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून एकेका जोडावर हात ठेवत चालला होतास. ऑपरेटर ओले कपडे वाळवत शेडमध्ये उभे होते, ओरडत होते, "अरे ए कॉलेजकुमार, पाइप काय पळून जातोय का?" तू चार तासांनी आत आलास, नाक लाल, आणि म्हणालास की नकाशात एक झडप उलटी काढली आहे. खरोखरच उलटी होती. मी त्या संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं की आज मला माझ्या जागेवर बसणारा माणूस सापडला. तो हसला, म्हणाला, तू लगेच हुरळतेस. बिचारा आज असता तर मला हिणवायची त्याला चांगली संधी होती.

व्लायची ही पद्धत माझीच, हेही कबूल करते. सत्त्याऐंशी साली पहिले शंभर दिवस पार पडले, तेव्हा लांबर्ट क्रेमर्सच्या बायकोने तांदळाच्या सहा व्लाय भाजून पाठवल्या होत्या. लांबर्ट आमचा सगळ्यात जुना ऑपरेटर. मला वाटलं, माणसं गोडाच्या आशेने सांभाळून वागतील. माणसं गोडाच्या आशेने गप्प बसायला शिकली. एकजण भाजलेला हात खिशात घालून घरी गेला, कारण नव्वदावा दिवस होता आणि सगळ्यांची व्लाय आपल्यापायी बुडाली असं त्याला ऐकायचं नव्हतं. मी ते पाहिलं आणि तरीही पद्धत मोडली नाही. पाटीवरचा आकडा वाढताना बघायला मलाही आवडायचं.

दर वर्षी नव्या पोरांना मी एक गोष्ट सांगते. तूही ऐकली आहेस. एका कारखान्यात एका इंजिनियरने भोंग्याला तार लावली, ती काढायची राहिली, टाकी ओसंडली, वाफ पेटली, बघायला गेलेला माणूस अकरा दिवस जगला. तुझ्या वेळी तू हात वर करून विचारलंस, "मग त्या इंजिनियरचं काय झालं?" मी म्हटलं, "बढती मिळाली." सगळे हसले, तू नाही हसलास. त्यामुळेच तू मला आवडला होतास.

तो इंजिनियर मी होते, रेन्स. कारखाना हाच, टाकी तिथेच, आता तिच्या जागी नऊ नंबर उभी आहे. गेलेला माणूस लांबर्ट. पाचशेव्या दिवसाच्या आधीच्या सोमवारी कॉफी पिताना तो मला म्हणाला होता, "ओ इंजिनियरीणबाई, त्या तारेचं जरा बघा. नाहीतर एक दिवस सगळे पोहत घरी जाऊ." तार काढायची तर ती का लावली हे लिहावं लागलं असतं, आणि आकडा गेला असता. मी हसून म्हटलं, "शुक्रवार होऊ दे रे लांबर्ट, व्लाय खाऊ, मग काढू." बुधवारी टाकी ओसंडली. तेहेतीस वर्षं मी ही गोष्ट 'एका इंजिनियरची' म्हणून सांगत आले आणि तुम्ही सगळे मला मोठी शहाणी समजत आलात. तू माझ्याकडून नेमकं काय शिकलास, याचा विचार काल रात्रीपासून करते आहे.

आता नीट वाच. उद्या सकाळी नऊ नंबर बंद करायची, तार काढायची, फेम्केचा रिपोर्ट तिच्या शब्दांत दाखल करायचा आणि पाटीवर शून्य लावायचं. तुझ्या हाताने, सगळ्यांसमोर. दुपारी बारापर्यंत हे झालं नाही तर मी आणि फेम्के कारखाना निरीक्षकांच्या कचेरीत असू, आणि तिथे मी दोन तारांबद्दल बोलेन, दोन्ही नावांनिशी. चाळीस व्लायचं काय करायचं ते तू बघ. वृद्धाश्रमात दे.

फोनवर हे दोन मिनिटांत झालं असतं, आणि तू "हो फीन, बघतो फीन" म्हणून मला गुंडाळलं असतंस. लांबर्ट गेल्यावर चौकशी झाली. साहेबांनी मला विचारलं, "ती तार काढा, असं तुम्हाला कुणी सांगितलं होतं का?" मी म्हटलं, "नाही." लांबर्ट तोंडी बोलला होता, लिहिलेलं काहीच नव्हतं, आणि तो सांगायला उरला नव्हता. म्हणून तुला लिहून कळवते आहे. पत्राची दुसरी प्रत फेम्केकडे आहे, ही मी आत्ता सायकलवरून येऊन तुझ्या दारातल्या पेटीत टाकते आहे. मी म्हटलं तसं 'नाही' तुला कधी म्हणता येऊ नये, एवढ्यासाठीच.

तुझीच,
फीन