फक्त एकदा वाजवायचा ढोल

आदरणीय सुहासकाका,
सप्रेम जय भीम.

फोनवर तुम्ही मला बोलूच देत नाही, म्हणून लिहायला बसले. मळ्यातली जमीन आपल्याला ढोल वाजवायच्या बदल्यात दिली होती, असा गावकरांचा, म्हणजे गावातल्या मानकऱ्यांचा, कोर्टात दावा आहे. शिमग्याला पालखीपुढे एकदा ढोल वाजवला तर ते दावा मागे घेणार, आणि तुम्ही मुंबईहून होकार कळवून मोकळे झालात! "एकदा वाजवल्याने काय बिघडतं?" म्हणे.

बिघडतं, काका. आजोबांनी धम्म स्वीकारला त्याच वर्षी ढोल खाली ठेवला. जमीन मात्र कसत राहिले, स्वतःच्या हक्काने. आता वाजवला, तर ती चाकरीचीच होती असं आपणच कबूल केल्यासारखं होईल. अशी चाकरी संविधान कुणावर लादू देत नाही. रत्नागिरीच्या कोर्टात मी हेच सांगणार आहे.

पण आता लिहून झाल्यावर ठरवलंय, हे पत्र पोस्टात टाकणार नाही. शिमग्याला याल तेव्हा तोंडावरच सांगेन. ढोल माळ्यावर आहे. आजोबांनी त्याचं एका बाजूचं कातडं काढलं, तेव्हापासून आजी त्यात बियाण्याचं भात ठेवते. वाजवायचाच असेल, तर आधी ते भात तुमच्या हाताने बाहेर ओता. तुमच्या आईसमोर.

तुमची पुतणी,
करुणा