पहिल्या रांगेतलं हेल्मेट

९ मार्च २०२५, रविवार

हितेंद्रने बुलेटची चावी खिशात घातली आणि सरळ सांगून मोकळा झाला — "आई, पाडव्याला गाडी हवी असेल तर पूर्ण गिअर घालायचा. नाहीतर तुझी स्कूटी घेऊन जा."

स्कूटी! शोभायात्रेच्या पहिल्या रांगेत!

पोटच्या पोराने असं बोलावं? मागची काही वर्षं मी शेवटच्या रांगेत चित्ररथाच्या जनरेटरचा धूर खाल्लाय. तेव्हा कुठे यंदा कादंबरीने मला पुढे घेतलं. कादंबरी म्हणजे आमच्या गिरगावातल्या बाइकवाल्या बायकांची म्होरकी. माझ्या मुलीच्या वयाची, पण तिच्यापुढे भले भले गप्प बसतात. "काकू, यंदा तुम्ही माझ्या शेजारी," म्हणाली. त्या दिवशी मी घरी शिरा केला होता. कशाबद्दल, हे कुणी विचारलंसुद्धा नाही.

आणि गिअर म्हणजे काय काय? तोंड झाकणारं हेल्मेट. खांद्या-कोपरांत कडक गाद्या असलेलं जाकीट. हातमोजे. गुडघ्यांना ढाली. घोट्याच्या वर येणारे बूट. हे सगळं नऊवारीवर. मग नथ कुठे घालू, हातमोज्यावर?

म्हटलं, "अरे, शोभायात्रा चालत्या माणसाच्या वेगाने जाते. लेझीमवाल्या पोरी मला मागे टाकतात."

"नेहमी म्हणजे नेहमी," एवढंच म्हणाला आणि आंघोळीला गेला.

११ मार्च, मंगळवार

हा मुलगा नारळ आणायलासुद्धा तसाच जातो. आज डोळ्यांनी बघितलं. मुगभाटातून ठाकूरद्वारच्या नाक्यापर्यंत, जाकीट, बूट, मोजे, सगळं चढवून. तयारीला लागला वेळ जास्त, जायला-यायला कमी. तोवर माझी आमटी आटली.

खालच्या शेवंतीमावशी पायरीवर लसूण सोलत होत्या. त्याला बघून म्हणाल्या, "काय रे झिला, चंद्रार चललंस काय?" त्याने हेल्मेटच्या आतून काहीतरी उत्तर दिलं. कुणालाच कळलं नाही.

ह्यांना म्हटलं, तुम्ही सांगा ना त्याला. हे पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "तुमच्या दोघांच्या मध्ये पडायचं तर मलाच गिअर लागेल." फार विनोदी समजतात स्वतःला.

१४ मार्च, शुक्रवार, धुळवड

दीपिकाचा फोन. आमच्या नणंदबाई, दादरच्या. शुभेच्छा दोन वाक्यांत आटपल्या आणि गाडी फोटोवर. दोन वर्षांपूर्वी दादरच्या यात्रेत तिचा फोटो पेपरात आला होता, तोही स्कूटीवर. तो तिने फ्रेम करून टीव्हीच्या वर लावलाय. पाहुणे टीव्ही बघतात की तिला, कळत नाही.

"वहिनी, यंदा तरी येणार का गं तुझा?" असं विचारलं. तरी म्हणे!

लिहायला काय हरकत आहे, कोण वाचणार आहे हे. मला तो फोटो हवाय. मनापासून हवाय. इतकी वर्षं झाली, माझा एक धड फोटो नाही. आधार कार्डावरचा बघवत नाही. लग्नाच्या अल्बमात प्रत्येक फोटोत माझ्यापुढे ह्यांच्या आत्या उभ्या आहेत. एकदा तरी बुलेटवर बसलेली, फेटा बांधलेली, नथ घातलेली मी छापून यावी. तोंड दिसावं. यात काय चुकलं?

१६ मार्च, रविवार

सकाळी हितेंद्र सरावाला रे रोडला घेऊन गेला. लाकडाच्या वखारी बंद, रस्ता रिकामा. सगळा गिअर घालायला लावला. बूट त्याचेच, आत मोज्यांचे दोन जोड कोंबले. तरी पाय आत पोहत होता.

गाडी मात्र छान चालवली. मीच लिहिते, कारण तो म्हणणार नाही. एका वखारीच्या दारात बसलेला म्हातारा मला बघून ताडकन उठला आणि सलाम ठोकून म्हणाला, "गुड मॉर्निंग साब." मी काच वर केली. तो म्हणाला, "अरे, ये तो नानी है." हितेंद्र घरी येईपर्यंत हसत होता.

घामाने मी पार निथळले. जाकीट दोरीवर वाळत टाकलं, तर शेजाऱ्यांनी विचारलं, कोण आलंय गावाहून?

१९ मार्च, बुधवार

आज विनीत आला होता. हितेंद्रचा मित्र, वरळीचा. अपघातानंतर पहिल्यांदाच आमचे जिने चढला. उजवा पाय अजून नीट वाकत नाही. थांबत थांबत आला, वर पोचल्यावर म्हणाला, "काकू, तुमच्या चाळीला लिफ्ट बसवा, नाहीतर मी खालूनच पोहे मागवत जाईन."

हितेंद्र आत होता तेव्हा मी हळूच विचारलं, नक्की झालं काय होतं रे? मला एवढंच माहीत होतं की गाडीवरून पडला.

"काही नाही हो. कोपऱ्यावर ऑम्लेट-पाव आणायला निघालो होतो. बर्म्युडा, स्लिपर. वाळूवर गाडी सरकली. स्पीडसुद्धा नव्हता." मग म्हणाला, "हितेंद्र मागोमाग चालत येत होता. त्यानेच उचललं मला. मी ओरडत होतो आणि हा मला सांगत होता, काही झालेलं नाही, काही झालेलं नाही."

हे मला नवीन होतं. घरी हितेंद्र एक अक्षर बोलला नव्हता. त्या दिवशी आल्या आल्या स्वतःचा शर्ट स्वतः धुवायला बसला होता, एवढं आठवतं. मी त्याला चिडवलं होतं, आज सूर्य कुठे उगवला म्हणून.

विनीतला दुसऱ्यांदा पोहे वाढले. 

पण नथीचं काय करायचं, ते तसंच राहिलं.

२२ मार्च, शनिवार

ठरवलं, पोराचं मन राखायचं. रंगीत तालीम केली.

गुडघ्यांच्या ढाली नऊवारीच्या आत घातल्या तर बसता येईना. बाहेर घातल्या तर हे म्हणाले, "विकेटकीपर." जाकिटाखाली पदर गायब. नथ घालून हेल्मेट चढवलं, तर ती आतल्या स्पंजात अडकली. नथ सुटेना आणि हेल्मेट निघेना, त्यात मला शिंक आली. हितेंद्रने बॅटरी मारून, आत बोट घालून सोडवली. नाक लालबुंद.

नेमकी त्याच वेळी कादंबरी दारात. तिने मला डोक्यापासून पायापर्यंत बघून घेतलं. मग एकदम थंड आवाजात म्हणाली, "काकू, सेफ्टी वगैरे मान्य. पण पहिल्या रांगेत नथ आणि फेटा दिसलाच पाहिजे. आपली ओळख आहे ती. नाहीतर मला तुम्हाला मागे ठेवावं लागेल."

म्हणजे गिअर नाही तर गाडी नाही, आणि फेटा नाही तर रांग नाही. एकीकडे मुलगा, दुसरीकडे ही. मी आत जाऊन भांडी घासली. घासलेलीच परत घासली.

२५ मार्च, मंगळवार

सुटलं! नाना देवासारखे भेटले.

नाना म्हणजे आमच्याकडचे फेटे बांधणारे. पाडव्याला अर्ध्या गिरगावाच्या डोक्यांना त्यांचे हात लागतात. त्यांच्याकडे रडगाणं गायले. ते म्हणाले, "यात काय एवढं? डोकं घेऊन या." मी म्हटलं, हे काय, आणलंय. "हे नव्हे हो, ते दुसरं."

हेल्मेट नेलं. नानांनी ते कळशीवर पालथं ठेवलं, भोवती फिरून बघितलं, आणि हेल्मेटवरच फेटा बांधला! एका फेट्याचं कापड पुरेना, दुसरा जोडला. मागे शेमला, वर तुरा. काचेवर चंद्रकोरीची टिकली. तिच्याखाली नाकाच्या जागी, दोन्हीकडून चिकटणाऱ्या टेपने माझी नथ. लांबून बघितलं तर हेल्मेटच नवरीसारखं दिसत होतं. मी आत आहे की नाही, याने काही फरक पडत नव्हता.

हितेंद्रने वजन बघितलं, पट्टा बघितला, काच वर-खाली करून बघितली. "ठीक आहे," म्हणाला. कादंबरीला फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं, "चालेल काय काकू, धावेल!"

तोंड दिसणार नाही हे खरं. पण फोटोवाल्यांच्या समोर क्षणभर काच वर करीन म्हणते. तेवढ्याने काय होतंय.

२९ मार्च, शनिवार

श्रीखंड आणलं. गुढीची काठी पुसली. दीपिकाला फोन करून सांगितलं, परवाचा पेपर बघ. हेल्मेटचं बोलले नाही.

३० मार्च, पाडवा

पडले.

पाय स्टुलावर ठेवून लिहितेय. डावा घोटा सुजलाय, हाड शाबूत आहे.

सकाळ काय छान होती. गुढी उभारून खाली उतरले, तर शेवंतीमावशींनी दृष्ट काढून कानशिलावर बोटं मोडली. रस्ताभर रांगोळ्या, ढोल, सनया. पहिल्या रांगेत कादंबरी आणि मी. आत भट्टी पेटली होती, तरी मी खूश होते. लहान पोरं "नथवालं हेल्मेट, नथवालं हेल्मेट" करत होती. हितेंद्र दोरीच्या बाहेरून आमच्या बरोबरीने चालत होता. सांगितलं होतं येऊ नकोस, पण ऐकेल तर ना.

पुढे नाक्यावर फोटोवाले शिड्या लावून उभे होते. मी काच वर करायला डावा हात उचलला. तेवढ्यात पुढचं लेझीम थांबलं. मी ब्रेक मारला आणि डावा पाय खाली टेकवायला गेले, तर पाय येईना. त्या ढगळ बुटाचं टोक गिअरच्या दांड्याखाली अडकलेलं. ओढतेय, ओढतेय, आणि गाडी कलायला लागली. धाडकन पडले असते तर एक वेळ चाललं असतं. बुलेट आणि मी, दोघी अगदी सावकाश, म्हैस पाण्यात बसते तशा आडव्या झालो. सगळ्यांना बघायला भरपूर वेळ मिळाला. फोटोवाल्यांनाही.

गाडी पायावर. हितेंद्र दोरीवरून उडी मारून आला. चार जणांनी गाडी उचलली. त्याने माझी काच वर केली, नथीसकट.  "आई, बोल. काहीतरी बोल ना."

मी म्हटलं, "त्यांनी फोटो काढला का रे?"

 तो तिथेच, रांगोळीवर, मांडी घालून बसला आणि हसायला लागला. हसता हसता डोळे पुसत होता. मला त्याचा इतका कळवळा आला. आणि माझी मलाच लाज वाटली, पोराचा जीव जातोय आणि मला फोटो सुचतोय.

डॉक्टर म्हणाल्या, बूट नसता तर घोट्याचा चुरा झाला असता. हितेंद्रने ह्यांच्याकडे बघितलं. "ऐकलंत, बाबा?"

हे म्हणाले, "ऐकलं. पण बूट नसता तर ती पडलीच नसती."

दोघांचंही बरोबर आहे. त्यामुळे संध्याकाळपासून भांडताहेत. श्रीखंड मी एकटीच खातेय.

३१ मार्च, सोमवार

आला. फोटो आला.

आतल्या पानावर, चांगला मोठा. मी आडवी, वर बुलेट, एक पाय हवेत. फेटा सुटून रस्त्यावर धुणं वाळत घातल्यासारखा पसरलेला. खाली छापलंय — 'शोभायात्रेत तोल जाऊन पडलेली दुचाकीस्वार तरुणी.'

ह्यांनी तो शब्द तीनदा मोठ्याने वाचला. मी पेपर ओढून घेतला.

नऊच्या सुमारास फोन वाजला. दीपिका!  म्हटलं, आता हिच्या टीव्हीच्या वर दुसरी फ्रेम लागणार, आणि जन्मभर पाहुण्यांना दाखवणार.

"वहिनी, पेपर बघितलास का गं? तुमच्यातली एक बया कशी पसरलीय ती! हेल्मेटला नथ चिकटवलीय मेलीने! कोण गं ही?"

मी पायाकडे बघितलं. मग पेपराकडे बघितलं. हनुवटीपासून कपाळापर्यंत काळी काच, नथ आणि टिकली. माझा एक केससुद्धा दिसत नव्हता.

"कोण जाणे बाई," म्हटलं. "लालबागच्या दोन-तीन पोरी आल्या होत्या यंदा. त्यातली असेल."

"आणि तू कुठे होतीस? फोटोत नाहीस ती."

"मी पुढे निघून गेले होते. मागे काय झालं, मला काय ठाऊक."

हे बाजूलाच चहा पीत होते. त्यांना ठसका लागला.

२ एप्रिल, बुधवार

हितेंद्रला म्हटलं, मला माझ्या मापाचे बूट बघ, जाकीट बघ, आणि तोंड पूर्ण झाकणारं हेल्मेट बघ. आता भाजी आणायलासुद्धा घालणार, नेहमी म्हणजे नेहमी. तो इतका खूश झाला की येऊन मिठी मारली. त्याला वाटलं, आईला अखेर पटलं. वाटू दे.