एडिथचं बाळ आणि घराण्याची पदवी

फ्लँडर्स, नोव्हेंबर १९१७

प्रिय आई,

तुझा केक पोचला, मोजेही मिळाले. मी ठणठणीत आहे. तुझा गुडघा आता कसा आहे?

आपला रूपर्ट गेल्यापासून खंदकातला पर्सी मला छळतो, "सरसाहेब, आज चहा तुम्ही टाकता का?" मी म्हणतो, "थांब जरा, भावाच्या बायकोला, एडिथला, दिवस गेलेत. मुलगा झाला तर तो पाळण्यातच सर होईल."

आजोबा लढाईत पडले तेव्हा घराण्याची ही पदवी बाबांना मिळाली, बाबा पडले तेव्हा रूपर्टला. मुलगी झाली तर पदवी माझ्याकडे येईल आणि, खरं सांगू, इथल्या चिखलातच संपेल.

तू चर्चमध्ये मुलगा मागतेस. मी मुलगी मागतो, आई. तिला तरी कुणी इथे बोलावणार नाही.

तुझा धाकटा,
ह्यूबर्ट