वर्ष पाळायचं नाही

बोरिवली (पूर्व),
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय दादा,
सप्रेम नमस्कार. चेंबूरला सगळी बरी असाल. वहिनीचे गुडघे कसे आहेत? फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र.

माझे टाके निघाले. जिना चढते, भाकऱ्या थापते. प्लीहा, म्हणजे पोटातली पाणथरी, काढल्यामुळे ताप आला की तडक डॉक्टर गाठायचा, एवढंच.

आता मुद्द्याचं. मला कॅन्सर नव्हताच. स्कॅनमध्ये गाठ हुबेहूब तशी दिसत होती. सुई घालून तुकडा काढावा तर रक्तस्रावाची भीती, म्हणून अख्खी प्लीहाच काढली. तपासल्यावर निघाली नुसती सुजेची गाठ.

आणि निधीचं लग्न मी मोडलंय.

ऑपरेशनच्या आधी माझ्या खाटेपाशी तू म्हणालास, "मे महिन्यापर्यंत थांबायचं नाही. रत्ना गेली तर वर्ष पाळावं लागेल, आणि हे स्थळ वर्षभर थांबणार नाही." मी जागी होते, दादा. जिवंतपणी माझं वर्ष तू मोजून टाकलंस. खूप राग आला, पण गप्प राहिले, कारण निधीचे बाबा गेल्यापासून तूच आमचा आधार. सुबोध मुलगा चांगला आहे. पण पोरीला बंगलोरला संशोधनाची जागा मिळालीय, आणि लग्नाला ती नाहीच म्हणत होती.

ती हो म्हणाली ती माझ्यामुळे. तिचा हात धरून मी म्हटलं, "माझ्या डोळ्यांदेखत होऊ दे गं."

अजून एक सांगायचं राहिलं. रिपोर्ट अकरा दिवसांपूर्वीच आला होता. मी तो तांदळाच्या डब्यात दडवला आणि सगळ्यांना "अजून आला नाही" सांगत राहिले. वाटलं, थोडे दिवस आजारी राहिले तर लेक मार्गी लागेल. परवा ती लग्नातल्या साडीला फॉल लावत बसली होती, चेहरा पार उतरलेला. मला बघवेना. रिपोर्ट काढून तिच्या मांडीवर ठेवला. गळ्यात पडून रडली, मग तिने वरची तारीख वाचली. तेव्हापासून माझ्याशी बोललेली नाही. बरोबरच आहे तिचं.

काल सुबोधच्या घरी जाऊन माफी मागितली. त्याच्या आईने पाणीसुद्धा विचारलं नाही.

तुझा शब्द गेला, चारचौघांत तुला ऐकून घ्यावं लागेल, मान्य. पण तो शब्द तू माझ्या मरणाच्या भरवशावर दिला होतास, आणि मी मरत नाहीये. शनिवारी निधीला सोडायला बंगलोरला निघतेय. ती बोलली तरी, नाही बोलली तरी.

तुझी जिवंत बहीण,
रत्नप्रभा