आवाज जरा उशिरा

३ जून
दत्तू तोंडी परीक्षेत नापास! उत्तरं सगळी येत होती माझ्या भावाला. ‘प-प-प’वरच अडकला. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी घड्याळ पाहिलं — ‘नेक्स्ट.’ घरी येऊन जेवला नाही. पुन्हा परीक्षा पंधरवड्याने.

४ जून
कुठेतरी वाचलेलं — अडखळणाऱ्याला स्वतःचाच आवाज कानात किंचित उशिरा ऐकवला, तर काहींची जीभ सुटते. असं ॲप मी करू शकते. त्याचाच तर पगार घेते! माइकमधून आवाजाचे तुकडे घ्यायचे, सेकंदाच्या विसाव्या भागाइतकं थांबायचं, हेडफोनमध्ये सोडायचे. एका संध्याकाळचं काम.

७ जून
नाही जमलं. दत्तूने हेडफोन काढून ठेवला. ‘ताई, आ-आवाज डुलतोय.’ खरंच. प्रत्येक तुकडा वेगवेगळ्या उशिराने येतो.

१० जून
ऑफिसला जाताना बसमध्ये उभ्या उभ्या उलगडलं! ॲपमधली सगळी कामं एकाच रांगेत चालतात. एखाद्या कामाला ‘एवढं थांब’ म्हटलं, तर ते त्याआधी उठणार नाही, इतकीच हमी. पुढे किती उशीर, ते रांगेतल्या बाकीच्यांवर. माझंच रेकॉर्डिंग साठवण्याचं काम मध्ये आडवं बसलेलं. शिवाय दर वेळी ‘आतापासून’ मोजत होते — उशिरावर उशीर चढत गेला.

आता साठवणं वेगळ्या थ्रेडवर, म्हणजे त्याची रांगच वेगळी. प्रत्येक तुकड्याची वेळ पहिल्या तुकड्यापासून मोजून ठरवलेली. ॲपने जरा आधीच उठायचं, उरलेला क्षण घड्याळाकडे बघत जागं राहायचं. बॅटरी खातं. खाऊ दे.

मनात येत राहिलं — दत्तूला आपण ‘सावकाश बोल’ म्हणतो, आणि त्याचं वाक्य आपणच पुरं करतो.

११ जून
पंप, प्रेशर, पिस्टन — दत्तूने परीक्षेचं पुस्तक सलग वाचलं! आई तव्यावरची पोळी सोडून दारात आली. अप्पा पेपर ठेवून आत निघून गेले. राग आला मला. पोरगा बोलतोय, आणि बाप बसत नाही?

१८ जून
पास! हेडफोन लावू दिला. तरी दोनदा अडखळला म्हणे. ‘पण सर थांबले, ताई.’

१९ जून
दुपारी अप्पांनी दत्तूकडून हेडफोन मागून घेतला. कानाला लावला. मग एका दमात — ‘एसटीत कंडक्टरची नोकरी लागत होती. बोलावं लागेल, म्हणून ड्रायव्हर झालो.’

आम्ही त्यांना मितभाषी समजत होतो.