रश्मीच्या खाटेजवळ

३ सप्टेंबर २०२४, मंगळवार

शी! पुन्हा हाच सरकारी दवाखाना. रश्मीला दुपारी आणलं. हाडांत कोणी खिळे ठोकून राहिलं म्हणून ओरडत होती. बारा वर्षांची पोर माझी! सिकलसेल, रक्ताचा जन्मजात आजार; त्याचा झटका. सलाईन लागली, खाट मिळाली, चादर नाही. गादीवर आधीच्या कोणाचं तरी वाळलेलं रक्त. माझी ओढणी अंथरली.

४ सप्टेंबर

संडासात गेले अन् ओकूनच बाहेर आले. दाराला कडी नाही, नळाला पाणी नाही, कोपऱ्यात वापरलेल्या पट्ट्यांचा ढीग. बाहेरच्या भिंतीवर मात्र ताजा रंग— ‘आपले रुग्णालय, स्वच्छ रुग्णालय’. त्याच अक्षरांवर एक जण तंबाखू-सुपारीचा खर्रा थुंकला. मी बोलले तर म्हणतो, "तुम्हारे बाप का है क्या?"

५ सप्टेंबर

बाजूच्या खाटेवर रुख्माबाई आहेत, पायाच्या जखमेसाठी. तीस वर्षं इथंच आया होत्या म्हणे.

"अवो रेणू, पयले दोनच खोल्या होत्या, कवेलूच्या छपराच्या. एक डॉक्टर, सायकलवर गावोगाव फिरे. हैजा आला, जुलाब-उलट्यांनी माणसं मरत, तवा याच आवारात बांबूचे तट्टे बांधून लोकं वाचवले आमी. फरशी मी दोनदा पुसत होती. आता माळ्यावर माळे चढवले, अन् पुसाले माणूस नाही!"

बोलता बोलता त्यांनी नाकाला पदर लावला. स्वतःच्याच दवाखान्यात!

६ सप्टेंबर

रक्त चढवायचं होतं. सकाळपासून एकच— "ब्लड बँकवाला खाना खाने गया है." दोन वाजेपर्यंत जेवत होता! रश्मीचे डोळे हळदीसारखे पिवळे. मी काउंटरवर हात आपटला, भांडले. शेवटी वॉर्डातली सिस्टरच जाऊन पिशवी घेऊन आली.

त्यात सासूबाईंचा फोन. "तुह्या माहेरचा, केशोरीचा रोग हाये हा. आमच्या घरी कोणालेच नव्हता." बारा वर्षं हेच ऐकून राहिले. नवरा, ओमेश, बाजूलाच उभा होता. त्यानं नेहमीसारखी मान फिरवली.

७ सप्टेंबर

डाळीत झुरळ.

९ सप्टेंबर, सोमवार

रश्मी उठून बसली. केस विंचरून मागितले!

सिकलसेलच्या खोलीत नीतू मॅडमनी बोलावलं. समजावून सांगायचं काम त्यांचं. माझ्या रक्ताचा रिपोर्ट आला— वाहक. म्हणजे मला त्रास नाही, पण लेकराला जाऊ शकते. मी खाली पाहिलं. सासूबाई खऱ्या ठरल्या की काय!

मॅडम बाजूला बसलेल्या ओमेशकडे पाहत म्हणाल्या, "एकट्या आईकडून हा आजार होत नाही बाई. दोघांकडून यावं लागते. यांची तपासणी कुठं आहे?"

"मले काय झालं? मी धडधाकट हावो." ओमेशनं हात पुढे केलाच नाही. उठून चालला गेला.

१० सप्टेंबर

मॅडमनी जुनं रजिस्टर शोधून काढलं. २०१० सालचं. याच दवाखान्यानं माझ्या सासरच्या, आमगावकडच्या गावांत शिबिरं घेतली होती. त्यात ओमेशचं नाव. वाहक. कार्ड दिले. ‘लग्नाआधी जोडीदाराची तपासणी करावी, असे समजावले.’ खाली त्याची सही.

आमचं लग्न २०११चं.

वऱ्हांड्यात गाठून विचारलं— काऊन नाही सांगितलं?

"सांगतलं असतं त तू नाही म्हणाली असती."